सातव्या डब्यातलं पान

तंबाखूला दव लागतं. हे आता सांगावं लागतं, कारण आमच्या शिवारात सगळा ऊस झाला आणि नातवंडांना तंबाखू म्हणजे पानपट्टीवरची पुडी एवढंच ठाऊक. झाड कापायचं, जाग्यावरच उन्हात पसरायचं, वाळू द्यायचं. वाळल्यावर पान असं होतं की हात लावला की चुरा. म्हणून दिवसा त्याला कोणी शिवत नाही. पहाटे दव पडून पान मऊ झालं की माणसं रानात उतरतात आणि उन्हं वर यायच्या आत जेवढं गोळा होईल तेवढं करतात. ऊन आलं की काम थांबलं. दवाची वेळ चुकली तर मालक कितीही मोठा असो, पान ऐकत नाही.

परवा पहाटे शेजारच्या बाळूच्या रानातून तो वास आला. चार-पाच वर्षांनी आला. बाळूनं औंदा उसाला कंटाळून अर्धा एकर तंबाखू केली आहे. मी अंथरुणात उठून बसलो आणि सवयीनं म्हणालो, "ऊठ गं, दव पडलंय." शेजारी कोण नव्हतं. हौसाला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं होत आली.

हंगामाच्या दिवसांत हा वास तिच्या लुगड्याला, केसांना, भाकरीलासुद्धा असायचा. शेंडे खुडून तिचे हात काळे व्हायचे. पानांचा तो चीक राखेनं घासला तरी जायचा नाही. पावण्यारावळ्यांत ती हात पदराखाली घ्यायची. मी म्हणायचो, चोरी केलीस काय, दाव की हात. तिला राग यायचा. आता वाटतं, त्या काळ्या हातांनी एकदा पाणी द्यावं. बाकी काही नको.

हंगाम तसे पन्नास काढले, पण मला सारखा एकच आठवतो. मंगलच्या लग्नानंतरचा. मंगल आमची थोरली लेक. त्या वर्षी तिला सांबऱ्याला दिली. ती गेली आणि घरातलं बोलणं गेलं. पोरगा शाळेत, आणि मी बोलणारा माणूस न्हवं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या छडीनं. चहा, चल, झालं का, एवढ्या शब्दांवर आमचा संसार चालला आणि चांगला चालला असं मी समजत होतो. हौसाला मात्र बोलायला लागायचं. लेक होती तोवर लेकीशी बोलली. लेक गेल्यावर ती तंबाखूशी बोलायला लागली.

खरंच सांगतो. पहाटे पान गोळा करताना खाली मान घालून पुटपुटायची. मंगलला भाकरी जमती का, सासू चांगली आहे का, पाण्याला किती लांब जावं लागतंय. पान उचललं की एक वाक्य, पान ठेवलं की एक वाक्य. मी दोनदा दटावलं. म्हणालो, तोंड मिट, नाकातोंडात जातंय. ती म्हणाली, "तुम्ही ऐकत न्हाईसा, ही तरी ऐकतीया."

हे बांधापलीकडून जिनगोंडा आण्णांनी ऐकलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आण्णांचं रान आमच्या बांधाला लागून. जैनाचं घर, घरात कन्नड, बाहेर मराठी, राग आला की दोन्ही. बेळगावात दोन वर्षं कॉलेज करून आलेले. निपाणीत एका वखारीत पानाची प्रत ठरवायचं काम करायचे. पान बोटांत धरून, डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानं सांगायचे की हे कुठल्या मातीतलं. त्यात त्यांचा हात धरणारा कोण नव्हता. तिथं थांबले असते तर देवमाणूस म्हणून गेले असते. पण त्यांना शोध लागला होता.

शोध असा. माणूस बोलतो ते शब्द हवेत विरत नाहीत, तरंगत राहतात. पहाटे दव पडतं त्याबरोबर तेही खाली उतरतात आणि ओल्या पानात मुरतात. पान वाळलं की शब्द आत अडकतो. मग ते पान कोणी जाळलं, कोणी चघळलं, की शब्द सुटतो. आण्णांचं म्हणणं, निपाणीत बिड्या वळणाऱ्या घरात सासू-सुनेचं भांडण झालं तर ती बिडी ओढणारा पार कुठं दुसऱ्या मुलखात बायकोशी विनाकारण भांडतो. ह्याला त्यांनी नाव दिलं होतं दवध्वनी. गावानं त्यांनाच नाव दिलं, दवगोंडा. चहाच्या टपरीवर लोक त्यांना तोंड गंभीर करून विचारायचे, आण्णा, पान मराठीत बोलणार का कन्नडमध्ये? आमच्या भागात हा प्रश्न कुठंही निघतो आणि कुठंही पेटतो. आण्णा शांतपणे सांगायचे, "इथलंच हाय ते. दोन्ही येतंय त्येला."

मी हसणाऱ्यांत पुढं होतो. लपवत नाही.

त्यांनी पदरचं घालून पुस्तक छापलं. निपाणीत लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता, तिथं. चाळीस पानांचं, निम्मं मराठी, निम्मं कन्नड, शेवटी थोडं इंग्रजी. छापणाऱ्यानं हाताच्या सवयीनं वर पत्रिकेतला गणपती ठोकून दिला. जैन माणसाचं विज्ञानाचं पुस्तक आणि वर शुभकार्याचा गणपती. आण्णा दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, असू दे. एक प्रत त्यांनी मला दिली. मी ती खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली घातली. हौसानं ती काढून, पुसून, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवली.

पुस्तक कोणी विकत घेतलं नाही. त्याच सुमाराला निपाणीच्या स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर माडीवर इंटरनेट आलं. पाटी लागली, सायबर. आण्णा बाजारच्या दिवशी वर जाऊन बसायला लागले. दुकानदाराची सून यंत्र चालवायची, हुशार बाई. आण्णा सांगायचे आणि ती बडवायची. मराठी अक्षरं घातली तर पडद्यावर नुसते चौकोन उठायचे, म्हणून सगळं इंग्रजीत. असं करत त्यांनी दवध्वनीचं पान उभं केलं. ते फुकट मिळत होतं आणि साऱ्या जगाला दिसत होतं. आण्णा गावात सांगत फिरले की आता अमेरिका मला वाचणार. टपरीवर कोणीतरी म्हणालं, आधी निपाणीला वाचू दे.

एकानं वाचलं मात्र. कुठल्या देशातला कोण जाणे, त्यानं एक ओळ लिहून पाठवली. आण्णांनी तो कागद छापून आणला, रानात सगळ्या बायकांपुढं उभं राहून वाचला आणि अर्थ सांगितला. त्या माणसानं लिहिलं होतं की असला मूर्खपणा मी जन्मात पाहिला नाही. आण्णांचा चेहरा फुललेला. म्हणाले, "शिवी दिली म्हंजे शेवटपर्यंत वाचलं की न्हाई?"

मग त्यांना पुरावा पाहिजे झाला. बेळगावात कॅम्पात एका जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं, तिथून त्यांनी तबकड्या वाजवायच्या फोनोचा पितळी कर्णा आणला. बारा पत्र्याचे डबे आणले. ठरलं असं की पहाटे, दव असताना, एकेका माणसानं एकेका पानावर एकच गोष्ट बोलायची. पान डब्यात, डबा मेणानं बंद, वर नंबर. बोललेलं आण्णा वहीत लिहून ठेवणार. एक पावसाळा गेला की डबा उघडायचा, कर्णा लावायचा आणि वहीशी ताडून बघायचं. आता हसू येतंय, पण वहीचं ऐकून मला तेव्हाही वाटलं होतं, गडी लबाड न्हाय. लबाड माणूस ताडून बघायला कशाला ठेवील?

माणसं मात्र मिळेनात. कोण म्हणे भानामती आहे, कोण म्हणे सरकारी मोजणी आहे. शेवटी आण्णा हौसाकडं आले. ती लगेच तयार. मी म्हणालो, खुळ्याबरोबर खुळी व्हायला निघालीस. ती म्हणाली, "मी रोज बोलतोच की पानासंगं. आज नंबर घालून बोलतो."

ती पहाट मला लख्ख आठवती. पायाला थंडी चावत होती. बायका ओळीनं बसलेल्या, पानांचा तो ओला, जड वास. आण्णांनी ओठावर बोट ठेवून सगळ्यांना "सुम्निरी" म्हटलं, म्हणजे गप्प राहा. हौसानं एक रुंद पान घेतलं, दोन्ही तळव्यांवर धरलं, ताटातलं सांडू नये तसं. पाठ आमच्याकडं केली. बराच वेळ काही बोलली नाही. मी बांधावरून ओरडलो, आटप की, ऊन यायलंय. मग ती वाकली आणि पानात तोंड घालून काहीतरी बोलली. किती बोलली? एका श्वासाचं. पान स्वतःच्या हातानं डब्यात ठेवलं. आण्णांनी मेण ओतलं. डबा नंबर सात.

पुढच्या बाजारी आण्णा आम्हा दोघांना सायबरात घेऊन गेले. त्यांनी तिचा फोटो काढला होता, तो पानावर चढवलेला. हौसा इरकल नेसलेली, नव्या नवरीगत माडी चढली. पडद्यावर निळा रंग, वर एक दिवा, त्याची ज्योत हलणारी. मग फोटो यायला लागला. त्या काळी फोटो एकदम यायचा नाही, वरून इंच इंच उतरायचा. आधी आभाळ आलं. मग डोक्यावरचा पदर. मग भांग. कपाळ. कुंकू. मग डोळे आले, आणि लाइट गेली.

अंधारात हौसा म्हणाली, "निम्मीच दिसली व्हय?"

लाइट आली नाही, आमची एस. टी. चुकली असती, म्हणून उठलो. पण त्यानंतर महिनाभर, भाकरी थापताना, धारेला बसताना, ती मध्येच विचारायची, खालची निम्मी आली असंल का हो आता? मी म्हणायचो, आली असंल, जाती कुठं.

तो पावसाळा मोठा होता. नदी रस्त्यावर आली, निपाणीला जाणं बंद. आमची तंबाखू कधीच वखारीला गेलेली, आणि माझी चंची रिकामी. ज्यानं जन्म तंबाखूत काढला त्याच्या घरात चिमूटभर तंबाखू नाही, ही तळमळ खाणाऱ्यालाच कळेल. तीन दिवस मी गोठ्यात आणि घरात फेऱ्या घातल्या. बैलावर ओरडलो, पोरावर ओरडलो. चौथ्या दिवशी फळीवर हात फिरवताना मिठाच्या बरणीमागं डबा लागला. वर सात.

तो आमच्या घरात कसा, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला तो एवढाच, की आत पान आहे. विळ्यानं मेण काढलं. पान जसंच्या तसं, मऊ, तपकिरी, घमघमीत. मी ते तळहातावर घेतलं, चुना लावला, मळलं, दोन थापा मारल्या आणि दाढेखाली धरलं.

हौसा गोठ्यातून शेणाचे हात घेऊन आली. तिनं डबा बघितला, विळा बघितला, माझं फुगलेलं गालफड बघितलं.

"खाल्लीसा?"

"व्हय."

"कशी हुती?"

"कडक हुती."

ती खो खो हसली. शेणाचे हात तसेच धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. मग जेवताना ती बोलली नाही. मला टोचायला लागलं. विचारलं, काय बोलली होतीस गं पानात?

"आता इचारून काय? थुकलासा न्हवं."

तेवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही. आण्णांनीही पावसाळ्यानंतर बाकीचे डबे उघडले. कर्ण्यातून काही ऐकू आलं नाही. ते म्हणाले मेणात खोट होती. पुढच्या वर्षी दुसरं मेण आणलं. पुढं बरीच वर्षं करत राहिले. मग ते गेले, पुतण्यांनी कर्णा मोडीत घातला, वही कुठं गेली कोणाला माहीत नाही.

आणि सातव्या डब्यात हौसानं मोहरी भरली. ती आजही त्यातच आहे. सून फोडणीला रोज तो डबा उघडते.

हौसा गेल्यावर मी तंबाखू सोडली. कोणी सांगितलं म्हणून नाही. दाढेखाली धरली की एकच आठवायचं. वीस वर्षं जे मनात आलं नाही ते यायला लागलं. ती काय बोलली असंल? मंगलबद्दल? तसं असतं तर माझ्याकडं पाठ कशाला केली असती? मंगलचं तर ती रोज मोठ्यानं बोलायची. मी गुंजी गावच्या मेव्हणीला विचारलं, बाळूच्या आईला विचारलं. बायका बायकांत सांगतात म्हणून. कोणाला ठाऊक नाही. रात्रंदिवस माझ्या शेजारी राहिलेलं माणूस, आणि तिचं एक वाक्य मला मिळंना.

दिवाळीला मंगल आली होती. तिनं आईची लुगडी वाटायला ट्रंक उघडली आणि आण्णांचं पुस्तक निघालं. मागच्या पानावर आण्णांनी पुढं हौसाला लिहून दिलेला इंटरनेटचा पत्ता, बैलाच्या दाव्याएवढा लांब, मध्ये एक नागमोडी रेघ. मी म्हणालो, बघ की लागतंय का. तिनं फोनवर टिपलं. लागलं नाही. म्हणाली, आप्पा, असली फुकटची पानं कवाच बंद झाली. माझं तोंड बघून तिनं पुन्हा खटपट केली. जुन्या, बुडालेल्या पानांच्या नकला ठेवणारी एक जागा असते म्हणे. तिथं नागमोडी रेघेसकट पत्ता घातला, आणि निळा रंग आला.

दिवा नव्हता. फोटोच्या जागी एक चौकट होती, कोपऱ्यात लहान फुली.

मी म्हणालो, "जरा थांब. वरनं येत असतंय ते."

मंगल थांबली. चुलीवरचं पाणी उकळून निम्मं झालं. मग हळूच म्हणाली, "आप्पा, ते न्हाई येत आता."

मी फोनवरची नजर काढली नाही. आभाळ, पदर, भांग, कपाळ, कुंकू, डोळे. माझ्या मनात तेवढं उतरलं आणि तिथंच थांबलं.

खाली डब्यांची यादी होती. मंगल इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेली. डबा एक, खुद्द आण्णा, णमोकार मंत्र. डबा दोन, वखारीतला हमाल, मुलाचं नाव. असं करत सातवर आली आणि अडखळली. म्हटलं, वाच.

"डबा सात. शेतकरी बाई. बोलली, पण काय बोलली ते वहीत लिहायला दिलं न्हाई. म्हणाली, हे मालकांसाठी हाय, त्येंनी उघडलं की त्येंना ऐकू यील. म्हणून हा डबा प्रयोगातून बाद. बाईच्या घरी परत दिला."

म्हणजे तो डबा आमच्या फळीवर कसा, हे मला तेव्हा कळलं.

मी आण्णांना मानत नाही. आजही नाही. मी शेतकरी आहे, दव मला कोणी शिकवू नये. दवात पाणी असतं. पान भिजतं, वाळतं, शब्दाला त्यात जागा नाही. हौसालाही ते ठाऊक असणार, ती माझ्यापेक्षा शहाणी होती. तिला नवऱ्याला काहीतरी सांगायचं होतं आणि तोंडावर सांगायची सोय मी ठेवली नव्हती. एवढीच त्यातली गोष्ट. तिनं पावसाळाभर वाट बघितली असंल, की हा कधीतरी डबा काढील, हलवून बघील, विचारील, ह्यात काय हाय गं? मी विचारलं, पण चूळ भरून झाल्यावर.

आज पहाटे बाळूच्या रानात गेलो. बाळूची आई आणि चार बायका पान गोळा करत होत्या. गुडघे कुरकुरले, पण ओळीच्या टोकाला बसलो. बाळूची आई म्हणाली, काय पायजे आप्पा? म्हटलं, एक पान. तिनं रुंद बघून दिलं. मी ते दोन तळव्यांवर धरलं. पाठ केली. पानातून गार पाणी मनगटावर उतरलं. काय बोलायचं ते घरातून ठरवून निघालो होतो, त्यातला एकही शब्द आला नाही. लई वेळ तसाच बसलो. बायका माझ्यामागं हळू बोलायला लागल्या. शेवटी पानात तोंड घालून एवढंच निघालं, "चहा झाला का गं?"

तोवर उन्हं आली होती. बायका उठल्या, टोपल्या उचलल्या. माझ्या हातातलं पान तडतडायला लागलं. मी बघतोय तर माझा अंगठा आपणहून ते मळायला लागला होता. दोन वर्षांनी. निम्मं पान तळहातावर बारीक झालेलं.

बाळूच्या आईनं कनवटीची डबी काढली. म्हणाली, "चुना देऊ का आप्पा?"

"नको," मी म्हणालो, "ही खायची न्हाय."

आणि मूठ मिटून घराकडं निघालो. सुनेला सांगून मोहरी दुसऱ्या डब्यात काढायला लावायची होती.